दाराआडची बाजरी

२ जुलै

कोबिनादादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणजे राग अजून गेलेला नाही. तो मामांवर आहे की माझ्यावर, हे आई गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तू बॅग उचलून निघालास तेव्हापासून मी विचारते आहे. नऊ वर्षं झाली. पास्टरची मुलगी ब्रिस्टलला जाते आहे, तिच्याकडे हे पत्र देते. पाकिटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे. त्यातली एक जरी निघालेली दिसली तर मला कळव. ती मुलगी दिसते तेवढी साधी नाही.

घरात काहीतरी शिजतं आहे. तुला माझं सगळंच खोटं वाटतं, पण या वेळी ऐक.

किल्ल्यातल्या संग्रहालयात नवी बाई आली आहे, मिस फिन. बाजारपेठेतल्या फिनांचीच नात, पण शिकून आल्यापासून चालते अशी की किल्ला तिच्या आजोबांनी बांधला. ऑगस्टमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी ती गुलामांच्या व्यापारावर कार्यक्रम ठेवणार आहे. पहिल्या शुक्रवारी, जहाजात चढवण्याआधी माणसं कोंडायचे त्या तळघरात दिवे लावायचे. दुसऱ्या शुक्रवारी गावातल्या सात जुन्या घरांनी आपापल्या मूळ आजीचं, म्हणजे जिच्यापासून घर सुरू झालं तिचं, नाव घ्यायचं आणि तिच्यासाठी घरात जे रांधतात ते घेऊन यायचं. शेवटच्या शुक्रवारी ज्याला बोलायचं असेल त्याने बोलायचं.

आपल्या घरातून कोण जाणार? एकुवामावशी. घराचे कारभारी म्हणून एबोमामांनी परस्पर तिचं नाव देऊन टाकलं.

तिकडे बस चालवता चालवता तू इकडचं विसरला असशील म्हणून सांगते. थोरल्या आजी जानेवारीत गेल्या, तेव्हापासून घरातल्या बायकांच्या थोरलीची जागा रिकामी आहे. लग्नं ठरवणं, भांडणं मिटवणं, मामांच्या नंतर घराचा कारभार कोणत्या भाच्याकडे ते सुचवणं, सगळं त्या जागेवरून होतं. सात घरांसमोर जी उभी राहील तीच उद्या त्या जागेवर बसणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ती जागा मला हवी आहे. तुझ्यापाशी आडपडदा कशाला? आईच्या आजारपणापासून या घराचं मी करते आहे. मयत असो, बारसं असो, छपराला गळती लागो, "मान्साला बोलवा." आणि दुसऱ्या शाखेतल्या एकुवामावशीला स्वतःच्या दोन सुना एका चुलीपाशी बसवता येत नाहीत.

मी मामांना सरळ विचारलं, "मी का नको?"

"तू दुकान बघ," मामा म्हणाले.

"शुक्रवारी दुकान चारला बंद होतं."

"मग जरा आराम कर, मान्सा. दमतेस फार."

ज्या माणसाने जन्मात कोणाला आराम कर म्हटलं नाही, त्याने मला म्हटलं. यात काही काळंबेरं नाही असं तूच सांग. मला वाटतं त्यांचा डोळा आईच्या खोल्यांवर आहे. रस्त्याकडच्या आहेत, दुकान चालतं आहे. आधी मला मागे सारायचं, मग खोल्या काढून घ्यायच्या. तू आईचा थोरला मुलगा. मामांना दोन ओळी लिही की मान्साच जाईल.

तुझी,
मान्सा


२३ जुलै

कोबिनादादा,

उत्तर नाही. पत्र पोचलंच नसेल, असं धरून चालते, कारण दुसरं काही धरलं तर मला राग येईल. हे पोस्टाने पाठवते आहे.

मंगळवारी मिस फिन मामांकडे आली होती. दार अर्धवट उघडं होतं आणि मी व्हरांडा झाडत होते. झाडून झाला होता, तरी झाडत होते. मामा तिला म्हणाले, "मान्साला यात ओढू नका." मग माझा झाडू दिसला आणि दोघंही पावसाबद्दल बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी एकुवामावशीने मला गाठलं.

"हट्ट सोड गं. तुझ्या भल्याचं सांगते."

"माझ्या भल्याचं तू कधीपासून बघायला लागलीस?"

"बघ हो, हिच्याशी गोड बोलायची सोय नाही," असं टाकीला सांगून ती बादली घेऊन निघून गेली. एकुवामावशी आणि माझं भलं! दादा, तूच सांग, यावर कोण विश्वास ठेवेल?

परवा दुकानात एक बाई आल्या. अमेरिकेतल्या, केस पांढरे, डोळे सुजलेले. तळघर बघून आलेली सगळीच माणसं आधी रडतात आणि मग माझ्याकडून कापड घेतात. यांनी कापडाला हातही लावला नाही. म्हणाल्या, "तुमच्या घराने आमच्या माणसांना विकलं होतं का?"

मी म्हटलं, "बाई, आमचं घर गावातलं सगळ्यात जुनं. आमच्यातलं कोणी कधी विकलं गेलं नाही."

"मी ते विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग दोन वार निळं कापड घेऊन गेल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. नेमक्या माझ्याच दुकानात कशा आल्या? मिस फिनने तर पाठवल्या नसतील?

पण हुकमाचा एक्का माझ्याकडे आहे. सणाच्या दिवशी सगळं घर मूळ आजीला पामतेलात मळलेलं कोनफळ आणि उकडलेली अंडी देतं. त्याच्या आदल्या दिवशी आपल्या खोलीत काय व्हायचं, आठवतं? आई स्वयंपाकघराचं दार लावून बाजरीचं पीठ पाण्यात कालवायची, त्यात चिंचेचा कोळ, वाटलेली मिरी, आणि मागच्या भिंतीशी ओतायची. आजीही तेच करायची. दार किलकिलं राहिलं तर फटका बसायचा. आई गेल्यापासून मी करते आहे. या गावात बाजरी कोण खातं? उत्तरेकडच्या लोकांची वस्ती आहे ना बाजारामागे, तिथल्या दुकानातून मला लपूनछपून आणावी लागते.

मी यावर पुष्कळ विचार केला. जे चारचौघांत दाखवत नाहीत तेच सगळ्यात पवित्र असतं. म्हणजे कोनफळ नंतरचं आणि बाजरी आधीची. मूळ आजीची खरी रीत फक्त आपल्या खोलीत टिकली आहे, म्हणजे खरी थोरली शाखा आपली. मामांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच मला दाबतात. नऊ ऑगस्टला मी बाजरी घेऊन किल्ल्यात जाणार. बोलावलेलं नसलं तरी.

मान्सा


११ ऑगस्ट

दादा,

आधी जागा घेत होते, आता बाजरीही घेतली.

नीट सांगते. किल्ल्याच्या अंगणात सात टेबलं मांडली होती. सातही घरांची म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत, बाहेरगावचे पाहुणे, शाळेची मुलं. आपल्या टेबलावर एकुवामावशी कोनफळाचं ताट मांडून नवरीसारखी बसली होती. मी वाळवून कोरलेला मोठा भोपळा बाजरीने भरून नेला. मला पाहिल्यावर मामांच्या काठीचं टोक फरशीवर वाजायला लागलं. मी भोपळा कोनफळाच्या शेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे आमच्या घरचं कोनफळाच्याही आधीचं. आमच्या खोलीत आईकडून मुलीकडे आलेलं."

शाळेत गणिताचा नवा मास्तर आला आहे, अतिंगा. उत्तरेकडचा, पार सरहद्दीजवळच्या गावातला. तो मुलांना घेऊन पुढे आला, भोपळ्यात वाकला, वास घेतला, आणि त्याचं तोंड असं उजळलं की विचारू नकोस.

"मावशी, हे तर आमच्याकडचं! माझी आजी दारात आलेल्याला हेच देते. पूर्वजांनाही हेच. चिंचसुद्धा तशीच. इथे समुद्राकाठी तुमच्या घरात कसं आलं हे?"

त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण फिनांच्या टेबलावरची आजी किल्ल्याच्या भिंतीकडे बघायला लागली. कोणी आपल्या पायांकडे. मला वाटलं, हे सगळे माझ्या बाजरीपुढे दबले.

तेवढ्यात मामा उठले. "आमच्या घरात हे पहिल्यापासून करतात," ते म्हणाले. "माझी आई करायची."

दादा, मामांची आई म्हणजे काही आपली आजी नव्हे, दुसऱ्या शाखेतली; तिला बाजरी आणि वाळू यातला फरक कळला नसता. मी तोंड उघडणार तोच एकुवामावशीने वाटी बुडवली आणि एका दमात प्यायली. मिरी लागून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड पुसत म्हणाली, "या वर्षी चिंच जरा जास्त झाली गं." जसं काही दर वर्षी पिते. मग फिनांची आजी आली, वाटी पुढे केली. मग दुसऱ्या घरांच्या बाया. सातही घरांनी घेतली. भोपळा रिकामा झाला.

आता डाव लक्षात घे. आपल्या खोलीची खास वस्तू त्यांनी सगळ्यांसमोर अख्ख्या घराची करून टाकली. आता आपल्या शाखेचं वेगळं असं काय उरलं? फक्त एक कळत नाही. मी तोंडघशी पडत असताना एकुवामावशी एरवी पुढची खुर्ची धरून बसली असती. ती का मदतीला धावली?

उद्या मी अतिंगा मास्तरला गाठणार आहे. हे पेय समुद्राकाठचं नाहीच, हे त्याने चारचौघांत सांगितलं की मामा खोटे पडतील.

मान्सा


१९ ऑगस्ट

कोबिनादादा,

मी मास्तरकडे गेले. तो वह्या तपासत बसला होता. मी विचारलं, "तुमची बाजरी आमच्याकडे आली कशी? व्यापाराने?"

तो हसला. "मावशी, व्यापाराने पोती येतात. पूर्वजांना द्यायची रीत पोत्यातून कशी येईल? ती कोणीतरी बाई आली असेल तिच्याबरोबर."

"कोण बाई?"

मग तो हसायचा थांबला. त्याने समोरची वही मिटली. हळूच म्हणाला, "आमच्या गावांवर घोडेस्वार धाडी घालायचे. बाया-पोरं धरून सलागाच्या गुलामांच्या बाजारात न्यायचे. जहाजं बंद झाली होती, पण बाजार चालूच होता. तिथून पुढे समुद्राकडची मोठी घरं विकत घ्यायची. शेतावर, स्वयंपाकघरात." मग एकदम उठला. "मावशी, मी माफी मागतो. मला तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्याकडे हे बोलत नाहीत ना?"

नाही बोलत. तुला ठाऊक आहेच. आपल्याकडे कोणी दुसऱ्याचं मूळ काढत नाही. भांडणात आईवरून शिवी देतील, डोकं फोडतील, पण तू कुठून आणलेल्यांचा, एवढं म्हणणार नाहीत. जो म्हणेल त्याने मेंढी घेऊन चावडीवर यायचं आणि नाक घासायचं. लहानपणी मला वाटायचं, किती सभ्य गाव आहे आपलं.

घरी येताना वाटेत एकेक आठवत गेलं. "आराम कर." "तुझ्या भल्याचं सांगते." दार लावून कालवलेलं पीठ. मी ते पीठ थोरलेपणाचा पुरावा म्हणून सात घरांच्या तोंडापुढे नेऊन ठेवलं होतं, आणि मी सोडून प्रत्येकाला ते कळलं होतं. आणि प्रत्येकजण ते प्यायला.

मी तशीच मामांच्या खोलीत गेले. "मामा, माझ्या आजीच्या आजीला या घराने विकत घेतलं होतं ना?"

"जेवलीस का?" मामा म्हणाले.

"मी काय विचारते आहे?"

"मक्याची केंकी आहे. मासा आहे. बस."

"मामा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ताट ठेवलं. ऐंशी वर्षांचा माणूस, कालवण ताटाबाहेर सांडलं. म्हणाले, "तू या घरची आहेस. मी जिवंत असेपर्यंत दुसरं काही बोलणार नाही आणि कोणाला बोलू देणार नाही." मी जेवले. रडतही होते आणि जेवतही होते.

आता तुझ्याकडे वळते. आईच्या चाळिसाव्याला तू मामांच्या नंतरचा कारभार मागितलास. मामा नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही, आणि तू ओरडला नाहीस, भांडला नाहीस, बॅग उचललीस. कारण न विचारता माणूस जातो तेव्हा त्याला कारण ठाऊक असतं. आईने तुला सांगितलं होतं. तुला मुलगा म्हणून, थोरला म्हणून. मला नाही. तू हे ओझं घेऊन ब्रिस्टलला गेलास आणि मला इथे सोडलंस. नऊ वर्षं मी या घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला, एक तुझ्यावर सोडून. याचा मला फार राग आला आहे. हे मी लपवणार नाही.

परवा एकुवामावशी आली, दार लावलं आणि पलंगावर बसली. "जागा तू घे," ती म्हणाली. "सात घरांसमोर आम्ही ते प्यायलो. आता कोण बोट दाखवणार आहे तुझ्याकडे?"

"आणि तू?"

"माझे गुडघे दुखतात. सुनांचं तर तू बघतेसच." मग माझा हात धरून म्हणाली, "पण शेवटच्या शुक्रवारी किल्ल्यात जाऊ नकोस. गेलीस आणि काही बोललीस, तर मग मीही काही करू शकत नाही. त्या जागेवर तसलं बसत नाही." तसलं, असं म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली.

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. गप्प राहायचं, एवढीच अट. मी दोन दिवस त्यावर विचार करते आहे. दुसऱ्याचं मूळ काढू नये असा नियम आहे. स्वतःचं काढू नये असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

मान्सा


१ सप्टेंबर

दादा,

मी गेले.

दुपारपर्यंत ठरलं नव्हतं. दुकान बंद करताना वाटलं, जागा घ्यावी, सुनांची भांडणं मिटवावी, मजेत म्हातारं व्हावं. मग लक्षात आलं की पुढच्या सणाला मला पुन्हा स्वयंपाकघराचं दार लावावं लागेल, आणि आतून कडी कशासाठी लावते आहे हे आता मला माहीत असेल.

अंगण भरलेलं होतं. समुद्रापलीकडून आलेल्यांपैकी एकेकजण उठून आपल्या पणजीबद्दल, खापरपणजीबद्दल बोलत होता, जेवढं ठाऊक होतं तेवढं. मिस फिनने विचारलं, "गावातल्यांपैकी कोणी बोलणार का?" गावातलं कोणी कधी बोलत नाही. मी उठले तर तिलाच घाम फुटला.

मी म्हटलं, "इथून जहाजात गेले त्यांच्यासाठी हे तळघर आहे, दिवे आहेत, भिंतीवर पाटी आहे. एक बाई जहाजात गेली नाही. जहाजं तेव्हा थांबली होती. तिला उत्तरेच्या बाजारातून चालवत आणलं आणि आमच्या घराने ठेवून घेतलं. गोऱ्यांनी नाही, आम्ही. ती माझ्या आजीची आजी. तुम्ही सगळे त्या दिवशी जे प्यायलात ते तिचं."

टाळ्या पाहुण्यांनी वाजवल्या. गावातल्यांनी नाही. फिनांची आजी उठून निघून गेली. अतिंगा मास्तर डोळे पुसत होता, आणि का कोण जाणे, मला त्याचाही राग आला. मला तिथे रडू आलं नव्हतं आणि हा रडत होता.

काल सकाळी एकुवामावशी थोरलीच्या जागेवर बसली. माझ्याशी बोलत नाही. तिने प्यायलेली बाजरी मी मातीत घातली असं तिला वाटतं. वाटू दे. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. मिस फिन दुकानात आली होती, संग्रहालयात भोपळा ठेवायला मागत होती. मी म्हटलं, भोपळा वापरात आहे.

आज सकाळी मामांनी सगळ्या घराला अंगणात बोलावलं. मला वाटलं, आता खोल्या रिकाम्या करायला सांगणार. आईचं नेसूचं कापड, दुकानाच्या किल्ल्या, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकुवामावशी तिच्या जागेवर ताठ बसली होती. मामांनी काठी बाजूला ठेवली आणि दारूची बाटली उघडली, सणाआधी पूर्वजांना ओततात तशी. मूळ आजीचं नाव घेतलं, जमिनीवर ओतलं. तिच्या मुलींची नावं घेतली, ओतलं. नातींची घेतली. मग थांबले. हात तसाच वर. मला वाटलं, दमले असतील.

ते माझ्याकडे वळले. "मान्सा," म्हणाले, "तिचं नाव?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी मनात आईपासून मागे गेले. आजी. आजीची आई. त्याच्या पलीकडे काही नाही. आपण सगळ्यांनी मिळून, खोलीतल्यांनी दार लावून आणि बाहेरच्यांनी तोंड मिटून, तिला इतकं जपलं की तिचं नावच कोणाजवळ राहिलं नाही. मी मान हलवली. एकुवामावशीकडे पाहिलं, तिनेही नकाराची मान हलवली. मामांनी ओतलं नाही. शेवटी बाटलीला बूच लावलं, बाटली उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाले, "नाव मिळालं की पुरं करू." कोणी उठून गेलं नाही. एकुवामावशीसुद्धा नाही.

दादा, आईने तुला सांगितलं तेव्हा नाव सांगितलं होतं का? माझ्यावर रागव, मामांवर रागव, येऊ नकोस, फोन उचलू नकोस. बाकी काही लिहू नकोस. फक्त ते नाव कागदावर लिहून पाठव. तुलाही माहीत नसेल तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

मामा ऐंशी वर्षांचे आहेत. लवकर लिही.

मान्सा